२७ इंची १६५ हर्ट्झ फ्रीसिंक मॉनिटर, एनव्हिडियाच्या कार्डावर

बरेच महिने हा मॉनिटर वापरतोय, १४४०पी, १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा स्क्रीन रिफ्रेश होते), व्हीए प्रकारचं पॅनल, डब्यावर फ्रीसिंक प्रीमियमचा लोगो (फ्रीसिंक म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा रिफ्रेश बदलण्याचं एएमडीचं तंत्र) आणि माझ्या पीसीत मात्र कार्ड एनव्हिडियाचं. अजूनही खूप जणांना वाटतं की एनव्हिडिया असेल तर जीसिंक (त्यांचं स्वतःचं तसंच तंत्र) लिहिलेलाच मॉनिटर लागतो. २०१३ ला जीसिंक आलं तेव्हा तसंच होतं, मॉनिटरच्या आत त्यांचं वेगळं मॉड्यूल बसवलेलं असायचं आणि त्यामुळे किंमत चढायची, पण एएमडीचं फ्रीसिंक ज्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक ह्या खुल्या स्टँडर्डवर चालतं त्याला एनव्हिडियानेही जानेवारी २०१९ पासून सपोर्ट दिलाय. कार्ड जीटीएक्स १० सीरिज किंवा नंतरचं हवं आणि केबल डिस्प्लेपोर्टची. माझा मॉनिटर त्यांच्या ‘जीसिंक कम्पॅटिबल’ यादीत नाहीये त्यामुळे कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन स्वतः टिक करावी लागली, बाकी मस्त चालतो.

आता मुद्दा रेंजचा, आणि माझ्या मते मॉनिटर निवडताना सगळ्यात आधी हेच बघायला पाहिजे. ह्याची रेंज ४८ ते १६५ हर्ट्झ आहे, म्हणजे गेम ह्या मधल्या कितीही एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) असला तरी स्क्रीन त्याच्या तालावर रिफ्रेश होते, टिअरिंग (चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसणं) नाही आणि व्ही-सिंकचे, म्हणजे स्क्रीनच्या ठरलेल्या रिफ्रेशसाठी फ्रेम थांबवून ठेवणाऱ्या सेटिंगचे, झटकेही नाहीत. एफपीएस ४० वर आलं की तीच फ्रेम दोनदा दाखवून स्क्रीन ८० हर्ट्झवर जाते, ह्याला एलएफसी (लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन) म्हणतात. पण हे जमायला वरचा आकडा खालच्याच्या दुपटीपेक्षा बऱ्यापैकी जास्त लागतो. ४८ ते ७५ रेंजवाला मॉनिटर घेतलात तर ४० चे ८० करायला जागाच नाही, मग एफपीएस ४८ च्या खाली गेलं की परत टिअरिंग नाहीतर अडखळणं सुरू, आणि व्हीआरआरची (अशा बदलत्या रिफ्रेश रेटची) खरी गरज तर तिथेच असते ना! स्वस्त मॉनिटरवर नुसतं फ्रीसिंक लिहिलेलं असतं, रेंज स्पेक शीटमध्ये कुठेतरी खाली सापडते, ती शोधाच. फ्रीसिंक प्रीमियममध्ये एलएफसी सक्तीचं आहे म्हणून तो लोगो दिसला की निदान ती काळजी मिटते.

त्रास म्हणाल तर फ्लिकर. लोडिंग स्क्रीन किंवा मेनूमध्ये एफपीएस एकदम वरखाली होतं तेव्हा गडद राखाडी भाग लुकलुकतो, कारण रिफ्रेश रेट बदलला की पॅनलचा ब्राइटनेस किंचित बदलतो. हे व्हीए आणि ओलेड दोन्ही प्रकारच्या पॅनलमध्ये दिसतं, आयपीएस पॅनलमध्ये बरंच कमी. ४८ च्या आसपास एफपीएस घुटमळत असेल तर जास्तच, तेव्हा मी ग्राफिक्स थोडे कमी करून ६० च्या वर ठेवतो, बराच फरक पडतो. अंधारे हॉरर गेम खूप खेळत असाल तर घेण्याआधी हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारं मॉनिटरचं सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवलंय. सगळ्यात वरचं १६५ ला ठीक वाटतं पण एफपीएस ६० ला आलं की हलणाऱ्या गोष्टींमागे पांढुरक्या रेघा दिसतात. व्हीआरआरमध्ये रिफ्रेश सारखा बदलतो, ओव्हरड्राइव्ह मात्र ह्या मॉनिटरमध्ये तेवढंच राहतं. सेटिंग म्हणाल तर ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक ऑन, गेममध्ये ऑफ आणि एफपीएस लिमिट १६० ला. लिमिट १६५ च्या खाली हवंच, नाहीतर वरच्या टोकाला व्ही-सिंक लागू होतं आणि माउस जड वाटायला लागतो.

कन्सोलवाल्यांनी पोर्ट नीट बघा हं. एचडीएमआयवरचं फ्रीसिंक आणि एचडीएमआय २.१ मधलं व्हीआरआर ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. ह्या मॉनिटरला एचडीएमआय २.० आहे, एक्सबॉक्स सीरिज एक्सवर फ्रीसिंक चालतं पण पीएस५ ला फक्त एचडीएमआय २.१ चंच व्हीआरआर समजतं, त्यामुळे तिथे काहीच होत नाही. पीएस५ साठी हा घेऊ नका. पीसीवर ६० ते १२० एफपीएसमध्ये मोठे सिंगल प्लेयर गेम खेळणाऱ्यांनी मात्र बिनधास्त घ्या, मी परत असाच घेईन, फक्त ह्यावेळी आयपीएस.