गिलक्याच्या जाळीची सौर पेटी: खारपाणपट्ट्यात कितपत चालते?

विदर्भात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. तिथं उन्हानं खाऱ्या पाण्याची वाफ करून काचेवर शुद्ध पाणी जमवणारी ही पेटी कामाची आहे, पण फक्त पिण्यापुरती.

रचना साधी आहे. एक चौरस मीटरचा ट्रे, वर तिरपी काच, आणि पाण्यावर तरंगणारी वाळक्या गिलक्याची जाळी, भाजून काळी केलेली. झाडाचं खोड पाणी वर ओढतं तशी ही जाळी ओढते. ऊन वरच्या थरालाच तापवतं, सगळा ट्रे तापवत बसावं लागत नाही.

एका पेटीतून दिवसाला १५ लिटर शुद्ध पाणी मिळतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट उष्णता लागते. मे महिन्यात दिवसाला साडेसहा युनिट ऊन मिळालं, तरी कागदावर १० लिटर होतात. हाती ३-४ येतात, त्याचं एक कारण म्हणजे ४४ अंशांच्या हवेत काचही तापलेली असते आणि वाफेचं नीट पाणी होत नाही. बरंचसं पाणी सूर्य कलल्यावर उतरतं.

खरी डोकेदुखी मिठाची. पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३००० असेल तर ३ लिटर वाफेमागे ९ ग्रॅम क्षार मागे राहतात. आधी जाळीच्या कडा पांढऱ्या पडतात, मग भोकं बुजतात आणि उत्पादन घसरतं. रोज संध्याकाळी ट्रेचं पाणी सोडून ताजं भरा. आठवड्यातून एकदा जाळी रात्रभर पाण्यात भिजवा. घासू नका, काजळी निघते. ट्रेमधून सोडलेलं खारं पाणी कपाशीच्या बुडाशी ओतू नका.

बसवताना पाणसळ लावा. काचेवरून उतरणारं पाणी गोळा करणाऱ्या पन्हाळीच्या कडेला जाळी टेकली तर शुद्ध पाण्याचा टीडीएस २०-३० वरून थेट शंभरावर जातो. काचेवर थेंब भरपूर पण बाटली रिकामी, असं दिसलं तर सिलिकॉनची फट शोधा. नव्या सिलिकॉनला आंबूस वास येतो. तो जाईपर्यंतचं पाणी फेकून द्या.

प्रिन्स्टनच्या संशोधकांचं गिलक्यासारख्या रचनेचं जेल ३३ अंशांच्या खाली पाणी शोषतं, वर गेलं की सोडतं. कल्पना सुरेख, पण वैशाखात आपल्या टाकीतलं पाणी तेवढं गार असतं कुठं?

पाच माणसांच्या घराला चार-पाच पेट्या लागतील. आणि आषाढ-श्रावणाच्या ढगात पेटीखाली घागर कशाला, बाटली पुरते. त्या दिवसांत छपराचं पाणी साठवा.