सरकारी बचावाची सेवा: तरतूद भक्कम, वेळ मात्र चुकीची

कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल एखाद्या खासगी व्यक्तीने थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल केली, तर सरकारी कर्मचाऱ्याचा बचाव सरकारने हाती घ्यावा, ही सोय आपल्याकडे जुनी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी तिचा आधार म्हणजे गृह मंत्रालयाचे ८ जानेवारी १९५९ चे कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे विभागांना दिलेली लेखी सूचना. आणि अशा बचावाचा खर्च सरकारी निधीतून मिळावा या दाव्यावर लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याची तरतूद तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्येच आहे.

ज्ञापनाची भूमिका वाजवी आहे. कृतीचा कर्तव्याशी संबंध नसेल तर मदत नाही. संबंध असेल आणि सार्वजनिक हित दिसत असेल, तर कर्मचाऱ्याच्या संमतीने सरकार स्वतः बचाव चालवते. त्याने स्वतःचा वकील लावला, तर निकाल त्याच्या बाजूने लागल्यावर वाजवी खर्च परत देण्याचा विचार होतो. पहिल्या मार्गाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. दुसरा मार्ग मात्र वर्षानुवर्षे वकिलाची फी खिशातून भरू शकणाऱ्यालाच परवडतो, आणि अतिक्रमण हटवणाऱ्या पथकातला लिपिक त्यात बसत नाही.

सेवेची खरी कसोटी कोर्टाच्या तारखेला लागते. समन्स हातात पडते तेव्हा वकील हवा असतो, आणि नेमकी त्याच वेळी ‘कृती कर्तव्याचा भाग होती का’ या प्रश्नावर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असते. वास्तविक या प्रश्नाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने मताजोग दुबे खटल्यात १९५५ सालीच घालून दिली आहे: कृती आणि कर्तव्य यांच्यात वाजवी संबंध असला पाहिजे. तो खटला प्राप्तिकराच्या तपासातील झडतीवेळी मारहाण झाल्याच्या फिर्यादीतून उभा राहिला होता. ती कसोटी खटल्याला सरकारची पूर्वमंजुरी लागते का या प्रश्नासाठी असली, तरी मदतीच्या फायलीवरही तीच लावून लवकर निर्णय घेता येईल.

मंजुरीचे संरक्षण हा या सेवेचा दुसरा भाग, आणि तो सर्वांत असमान आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८, सरकारच्या मंजुरीशिवाय ज्यांना पदावरून दूर करता येत नाही अशांनाच लागू होते. त्यामुळे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशावरून कारवाई झाली, तरी आदेश देणाऱ्याला कवच मिळते आणि तो अंमलात आणणारा तलाठी सहसा उघडा पडतो. शिवाय नव्या कलमानुसार मंजुरीच्या विनंतीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाल्याचे मानले जाते. फिर्याद करणाऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, पण सरकारच्या आळसाची किंमत इथे आरोपी मोजतो.

१ जुलै २०२४ पासूनची एक सुधारणा मात्र मनापासून आवडली. याच नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीवरून फिर्याद असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिची दखल घेण्याआधी लोकसेवकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते आणि वरिष्ठांकडून वस्तुस्थितीचा अहवालही मागवला जातो. हे कलम पद पाहत नाही, म्हणून कनिष्ठांसाठी ते २१८ पेक्षा अधिक उपयोगाचे आहे. अर्थात अहवाल लिहिणारा वरिष्ठ स्वतःच आदेश देणारा असेल, तर त्याची लेखणी कोणाला वाचवेल हे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक अडचण फारशी लक्षात घेतली जात नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रकरण तपासासाठी पोलिसांकडे पाठवले आणि दोषारोपपत्र दाखल झाले, तर खटला राज्याचा होतो. ज्ञापनानुसार सरकारने चालवलेल्या कारवाईत बचावासाठी मदत नाही, खर्चाचा विचार फक्त निर्दोष सुटल्यावर. खासगी फिर्यादीवर मिळालेला आधार असा अर्ध्या वाटेत सुटू शकतो.

या सेवेला पाचपैकी तीन गुण देईन. समन्स मिळताच कारवाईच्या लेखी आदेशाची प्रत जोडून विभागाकडे बचावाची मागणी करावी, पोच घ्यावी, आणि पहिल्या तारखेपुरता तरी स्वतःचा वकील तयार ठेवावा.