सायलॅबवर बँग-बँग कंट्रोल: जूनपासूनचा अनुभव

मी नांदेडला इलेक्ट्रिकलच्या पोरांना कंट्रोल सिस्टिम शिकवतो. बँग-बँग कंट्रोल म्हणजे जोर कायम पूर्ण सुलटा नाहीतर पूर्ण उलटा ठेवायचा आणि योग्य क्षणी बदलून कमीत कमी वेळेत काम संपवायचं. त्याची सगळी सिम्युलेशनं जूनपासून सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरवरच घेतोय. पैसे पडत नाहीत, लॅबमधल्या जुन्या मशिनवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

सुरुवात नेहमीच्या उदाहरणाने करतो. घर्षण नसलेली मोटर १ एककावर थांबलीय, ती शून्यावर आणून उभी करायची, जोर ±१ च्या आत. पोंट्र्यागिनच्या तत्त्वाने (सर्वोत्तम कंट्रोल शोधायचा गणिती नियम) उत्तर हातानेच निघतं: १ सेकंद पूर्ण उलटा जोर, १ सेकंद पूर्ण सुलटा, एकूण २ सेकंद. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो इथेच. वेळेच्या ठराविक पायऱ्यांनी पुढे जाणारी ऑयलर पद्धत लावली की स्विचिंगचा क्षण दोन पायऱ्यांच्या मधे निसटतो आणि मोटर शून्याजवळ आली की जोर +१ आणि −१ मधे फडफडत बसतो. डिफरन्शियल समीकरणं सोडवणाऱ्या ओडीई फंक्शनला ‘रूट’ पर्याय दिला तर मोटरचा मार्ग स्विचिंग वक्राला (जागा आणि वेगाच्या आलेखावर जिथे जोर उलटवायचा ती रेषा) नेमका कधी भिडतो ते शोधून गणित तिथेच थांबतं. मग चिन्ह बदलून पुढचा टप्पा चालवायचा. मात्र या टप्प्यात अट वक्राची ठेवायची नाही, वेग शून्य होण्याची ठेवायची, कारण आता मार्ग वक्रावरूनच जातो. असं केलं की २ सेकंद चोख येतात.

एक्सकॉस, म्हणजे सायलॅबमधलं ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायचं साधन, दाखवायला छान. चिन्हाच्या ब्लॉकमध्ये झीरो क्रॉसिंगची, म्हणजे किंमत शून्य ओलांडते तो क्षण नेमका पकडायची, सोय आहे. पण मोटरला घर्षण दिलं आणि वक्र बिनघर्षणाचाच ठेवला, की सिम्युलेशन रखडतं. घर्षण ब्रेकला मदत करतं, त्यामुळे मार्ग वक्रावरून मागे सरकतो, पुन्हा स्विच होतो, पुन्हा सरकतो. यात दोष सायलॅबचा नाही. घर्षण धरून काढलेल्या वक्रात लॉगॅरिदम येतो. तो घातला की पुन्हा एकाच स्विचिंगमध्ये काम होतं. वाळूजच्या कारखान्यांत सर्व्होवर (सांगितलेल्या जागी नेमकी थांबणारी मोटर) काम करायला जाणाऱ्या पोराने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

खटकतं ते एवढंच, की एक्सकॉसचे एरर मेसेज फार त्रोटक असतात, नवख्याला चूक कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते कळत नाही. म्हणून मी आधी स्क्रिप्ट लिहून घेतो, आकडे हातच्या उत्तराशी जुळले की मगच ब्लॉक जोडू देतो.