चामडं जपलं, सोल गेला: चार वर्षं जुन्या लेदर बुटांचा अनुभव

४,२०० रुपयांचे बूट. चार वर्षांत लग्नकार्यं धरून जेमतेम पंधरा वेळा घातले असतील. दर वेळी पुसून, पॉलिश करून, सिलिका जेलच्या पुडीसकट परत खोक्यात. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात हॉलच्या पायऱ्या चढताना पायाखाली काहीतरी खचलं. मागे बघतो तर पांढऱ्या लादीवर काळा चुरा, आणि उजवी टाच अर्धी सुटलेली. वरचं चामडं मात्र नव्यासारखं! मुहूर्ताला भाऊजींच्या चपला घालून उभा राहिलो.

दुकानदार म्हणाला, वॉरंटी सहा महिन्यांची होती. मान्य. पण सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या मालाचा आहे आणि तो नुसता ठेवूनही जातो, एवढं विकताना सांगायला काय हरकत होती? याचा राग अजून गेलेला नाही.

मला वाटलं, चिकटवणीच खराब असणार. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांनी चुरा चिमटीत धरून चोळला, त्याची पूड झाली. "साहेब, चिकटवण सुटली नाही, माल कुजलाय." नंतर वाचलं तेव्हा कळलं, पॉलियुरेथेन हवेतला ओलावा धरतं, त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटते आणि सोल भुसभुशीत होतो. आपली दमट हवा, त्यात बंद खोकं. ती पुडी तर पहिल्या पावसाळ्यातच ओल पिऊन निकामी झाली असणार.

काकांनी रापीने जुना सोल खरवडून काढला, रबराचा लावला, कडेने शिलाई मारली. ७०० रुपये. पहिला महिनाभर मी कुरकुरत होतो: बूट जड झालाय, लादीवर आवाज करतो. आता आठ महिने, त्यात एक अख्खा पावसाळा, ऑफिसला हेच बूट घालतोय आणि मत पूर्ण बदललंय. ओल्या प्लॅटफॉर्मवर पकड आधीपेक्षा चांगली आहे.

पॉलिशचंही थोडं. स्पंजवालं लिक्विड बंद केलं. त्याचा थर साचून बोटांपाशी, जिथे बूट दुमडतो तिथे, तडकायला लागला होता. आता पंधरा दिवसांनी क्रीम, तेही वाटाण्याएवढं. पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग ब्रश. वॅक्स फक्त टोकाला. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे, आणि सावलीत वाळवायचे. उन्हात किंवा हीटरजवळ नको, चामडं कडक होऊन तडकतं. ऑगस्टमध्ये बुरशी आली होती. गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसली, खोकं टाकून दिलं. तेव्हापासून उघड्या रॅकवर, एक दिवसाआड घालतो.

गेल्या आठवड्यात भाऊजींचे माळ्यावरचे बूट काढून सोलवर अंगठ्याचं नख दाबलं. सरळ आत गेलं. तुमचेही कार्यापुरते ठेवलेले असतील तर मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी काढून बघा, म्हणजे सोल बदलून घ्यायला वेळ मिळेल.