पल्मोनरी रिहॅबचा कोर्स : आईसाठी लावला होता, सविस्तर रिव्ह्यू

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही तिने, पण गावाकडे वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून ओल्या लाकडांचा धूर खाल्लाय. छातीच्या डॉक्टरांनी इन्हेलरसोबत पल्मोनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या पेशंटसाठी व्यायाम आणि श्वासाचं प्रशिक्षण) लिहून दिलं, म्हणून आमच्या भागातल्या एका सेंटरमध्ये आठ आठवड्यांचा कोर्स लावला.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिथल्या फिजिओ मॅडम पेशंटला समोर बसवून नीट समजावतात. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, माझी फुफ्फुसं परत पहिल्यासारखी होतील का हो? त्या म्हणाल्या, नाही होणार काकू, पण तुमचा दम नक्की वाढेल. आणि मग कारण सांगितलं. फुफ्फुसात इलॅस्टिन नावाचं प्रोटीन असतं, श्वास घेताना ते ताणलं जातं आणि सोडताना आपोआप आकसतं, तेव्हा हवा बाहेर पडते. हे बहुतेक सगळं लहानपणीच तयार होतं आणि तेच जन्मभर पुरवायचं असतं. धुराने सूज आली की पांढऱ्या पेशी इलॅस्टेज सोडतात आणि ते एन्झाइम हे धागे तोडतं. त्याला आवर घालायला रक्तात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन असतं, ते ज्यांच्यात जन्मतःच कमी त्यांना ऐन उमेदीत एम्फिसिमा (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होणं) होतो, हे 1963 मध्ये स्वीडनमध्ये कळलं तेव्हापासून या सगळ्याचा उलगडा व्हायला लागला. म्हणूनच घरात कोणाला कमी वयात असा त्रास होता का हे त्यांनी आधी विचारून घेतलं.

दुसरीकडे बारीक श्वासनळ्यांच्या भिंतीत कोलॅजेन नावाचं चिवट प्रोटीन साठत जातं, त्या जाड आणि अरुंद होतात. त्यांना बाहेरून ताणून उघडं ठेवणारे धागेही तुटलेले, मग श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते. आई कधीपासून म्हणत होती, श्वास आत जातो गं पण बाहेर निघत नाही, ती तक्रार शब्दशः खरी होती!

त्यावर शिकवलं ते शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायचा, आतला दाब टिकतो आणि नळ्या लगेच मिटत नाहीत. आता कपडे वाळत घालताना, कुकर उचलताना ती आपसूक तसंच करते. बाकी सायकल, हलकी वजनं, आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इन्हेलर नीट घेतेय का ते दर वेळी बघतात. शेवटी स्पायरोमेट्रीचे (जोरात फुंकून फुफ्फुसं किती चालतात ते मोजायच्या टेस्टचे) आकडे जवळपास तेच आले, पण सहा मिनिटांच्या चालण्यात मध्ये थांबावं लागलं नाही कारण पायांचे स्नायू तयार झाले, आणि हे होणार असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

तक्रार एकच पण मोठी आहे, हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट सारखी बंद. धाप लागणाऱ्या माणसांना जिने चढायला लावणं अजिबात पटलं नाही, तसं लेखी दिलंय. कोर्स लावण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा, आणि जमलं तर सकाळची बॅच घ्या, तेव्हा गर्दी कमी असते आणि मॅडम प्रत्येकाकडे जास्त वेळ देतात.