साताऱ्यात ट्रॉली बॅग घेताना

चार चाकांच्या कडक बॅगा विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर झकास चालतात. एसटी स्टँडच्या खडबडीत आवारात मात्र बाहेर आलेलं चाकच आधी तुटतं, आणि उतारावर बॅग आपसूक घरंगळते ती वेगळीच. इथं दोन चाकांचीच घ्यावी: चाक अर्धं बॅगेत बसलेलं, रबरासारखं मऊसर, रिव्हेटऐवजी (ठोकून कायमची बसवलेली खीळ) स्क्रूनं जोडलेलं, म्हणजे बदलता येतं. कवच कडकच हवं तर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे दाबलं तर लवणाऱ्या चिवट प्लास्टिकचं. एबीएस हे दुसरं प्लास्टिक स्वस्त, पण डिकीत आपटलं की कोपऱ्याला तडकतं. दांडा दुकानातच पूर्ण ओढून हलवा. फार लचकला तर ठेवून द्या. चेनचा नंबर मोठा तितके दात रुंद: १० नंबरची उत्तम, ८ चालेल, ५ नकोच. वॉरंटी कार्डात चाकं-दांडा वगळलेत का तेही वाचा, सहसा तिथंच मेख असते.