सागवानी खांब म्हणून मला एमडीएफ विकला

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा आठवण म्हणून आम्ही एक कडीसुद्धा काढून ठेवली नाही. कोथरूडला टू बीएचके घेतला तेव्हा मनाशी पक्कं होतं की इथे तरी वाड्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसल्यासारखं वाटायला हवं. दोन खांब, वर तुळई, तिला झोपाळा, भिंतीत कोनाडा आणि संध्याकाळी पिवळा मंद उजेड. हे सगळं मी पहिल्याच भेटीत डिझायनरला भरभरून सांगितलं. आता कळतं की मला कुठे हळवं व्हायला होतं, ते त्याला तेव्हाच समजलं होतं.

आठवड्याभरात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. वाईकडचा एक वाडा उतरवलाय, त्याचेच खांब आणि तुळई, एकशे तीस वर्षांचं सागवान. "मॅडम, असं लाकूड आता बघायला मिळत नाही." बघायला येते म्हटलं तर गोदाम लांब आहे, पॉलिश करून थेट घरीच आणतो, असं उत्तर आलं. खांब आणि तुळईचे २,१०,००० रुपये, सगळ्या घराचे मिळून ९,४०,०००. त्यातले ६० टक्के आधी, आणि त्यातलेही काही रोख.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 'अँटिक सागवान फिनिश खांब'. मी 'अँटिक' वाचलं, 'सागवान' वाचलं. 'फिनिश' म्हणजे फक्त वरून तसं दिसणारं, पण त्या शब्दावरून माझी नजर नुसती घसरून गेली. स्वयंपाकघरासाठी 'प्रीमियम वॉटरप्रूफ प्लाय' एवढंच होतं, ग्रेड नाही की कंपनी नाही.

खांब आले त्या दिवशी एक बारकासा पोरगा एकेक खांब खांद्यावर टाकून तीन जिने चढून आला. सात इंची चौकोनी, आठ फुटी भरीव सागवानी खांब ५० किलोच्या आसपास भरतो. तो पोरगा धापासुद्धा टाकत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी त्याला पाणी दिलं, बस.

बाबांनी खांबावर हात फिरवला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकला आणि आत जाऊन बसले.

जूनमध्ये फरशी पुसता पुसता एका खांबाचा पाय फुगलेला दिसला. चार दिवसांत वरचा पापुद्रा सुटला. सोसायटीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पटाशीने कोपरा उचकटला आणि म्हणाले, "ताई, हे लाकूड नाही. भुशाची फळी आहे." चारही बाजूंनी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आत पोकळ, वरून सागाचं कागदासारखं व्हिनिअर. ज्या खिळ्यांच्या भोकांवर मी भाळले होते त्यांत त्यांनी आगपेटीची काडी घालून दाखवली. प्रत्येक भोकात काडी सारखीच आत जात होती. सगळी ड्रिलने पाडलेली आणि आतून काळा रंग मारलेली. जुन्या लाकडातलं खिळ्याचं भोक बहुतेकदा चौकोनी असतं आणि गंजाचा काळा डाग रेषांच्या दिशेने पसरलेला असतो.

मग सिंकखालचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला लॅमिनेट न लावलेल्या तुकड्यावर शिक्का सापडला, आयएस (भारतीय मानक) ३०३, एमआर. हा दमटपणा सोसणारा साधा प्लाय. पाण्याजवळ आयएस ७१० लागतो, ज्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात.

डिझायनरला फोन केला तर म्हणाला, "फिनिशच लिहिलंय ना मॅडम." नंतर फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली, वकिलांमार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही, तिथे आमची बाजू लंगडी पडते.

कुणी जुनं लाकूड म्हणून काही देत असेल तर वखारीत स्वतः जा, आपला मिस्त्री बरोबर न्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हात लावून, उचलून माल बघता येतो. खांबाच्या टोकाचा छेद बघा. बाजूवरच्या रेषा छेदात उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. तळाशी छोटं भोक पाडून भुसा बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कोटेशनमध्ये 'भरीव सागवान' हे शब्द आणि प्लायचा आयएस नंबर लिहून घ्या. प्लाय कापायच्या आधी प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो काढा. नवं लाकूड नवं म्हणून दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं, याचंच जास्त वाईट वाटतं.

तेव्हाच का बोलला नाहीत, असं बाबांना विचारलं. म्हणाले, "तू दिवाळीत किती दिवसांनी अशी हसत होतीस."

एक खांब काढलाय. दुसरा वकिलांनी पुरावा म्हणून तसाच ठेवायला सांगितलाय. झोपाळा मात्र त्याच दिवशी उतरवला. त्याच्या कड्या त्या पोकळ तुळईत चार स्क्रूंवर अडकवल्या होत्या, आणि माझी मुलगी आठ महिने त्यावर झोके घेत होती.